ओढ्याच्या अलीकडे

११ एप्रिल १९५६

आज शाळा लवकर सोडली आणि गावातल्या बायकांना मत कसं टाकायचं ते शिकवलं. दोन खोकी मांडली, चादर बांधून आडोसा केला. एका खोक्यावर लिहिलं 'गोल्ड कोस्टबरोबर', दुसऱ्यावर 'वेगळे'. चिठ्ठी म्हणून आंब्याची पानं. आब्ला मावशी आडोशामागे गेली ती बाहेर येईना. डोकावले तर खोक्यावर बसून पाय चोळत होती.

"मला एक सांग एन्योनाम, वेगळं म्हणजे कुणापासून? पलीकडच्या आपल्या माणसांपासून तर केव्हाच वेगळं केलंय आपल्याला."

"मावशी, आता वेगळं राहायचं ते उद्या त्यांच्यात मिसळता यावं म्हणून."

"म्हणजे एक व्हायचं तर 'वेगळे'वर टाकायचं. शिकलेल्या माणसांना सरळ बोलता येत नाही का गं?"

बायका हसल्या, मीही हसले. पण मावशीचं काय चुकलं? जर्मन होते तेव्हा आमचा ओढा हा नुसता ओढा होता. ते लढाई हरले, इंग्रज आणि फ्रेंचांनी प्रदेश वाटून घेतला आणि वाटणीची रेघ ओढ्यातून गेली. घर इंग्रजांकडे, बाबांचं कोकोचं शेत फ्रेंचांकडे. बाबांना पुरलं तेही त्याच शेतात. आता इंग्रज निघालेत. शेजारचा गोल्ड कोस्ट स्वतंत्र होणार, आणि आम्ही त्यात जायचं की थांबून पलीकडच्यांना घेऊन आमचं आम्ही घर मांडायचं, हे नऊ मेला ठरणार.

सेन्योनं सगळी खोकी एकट्यानं उचलून ठेवली. बावीस वर्षांचा झाला, पण अजून जेवताना मला विचारतो, "दावी, तुला उरलंय ना?" मी त्याची दावी, थोरली बहीण. तो रांगत होता तेव्हा आई गेली, तेव्हापासून आईही मीच. आता माझ्याच शाळेत पहिलीला शिकवतो. मुलं त्याच्या खांद्यावर चढतात. शिस्त नाही, पण सगळ्यांना वाचता येतं.

१४ एप्रिल

सभेसाठी गाणं हवं होतं. चर्चच्या गायनाची मंडळी माझ्या हाताखालची, म्हणून ते माझ्यावरच आलं. कसावा सोलता सोलता लिहून झालं. शेवटची ओळ तेवढी जमेना. आधी लिहिलं, 'ओढा आडवा आला तरी हात धरून पार जाऊ.' अर्थ चांगला, पण म्हणून पाहिलं तर फिकं. खालच्या आवाजात म्हणणाऱ्या पुरुषांना 'हात' या शब्दावर उभं राहता येत नाही. मग 'प्राण देऊन पार जाऊ' असं केलं. सेन्योनं खर्जात म्हटलं आणि छतावरचा पत्रा घुमला.

"हे खरं, दावी," तो म्हणाला. "हे अंगावर येतं."

मला स्वतःचं कौतुक वाटलं. लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी करणार नाही.

२९ एप्रिल

सभेला पलीकडूनही माणसं आली होती, शेतातल्या वाटांनी, चौकी चुकवून. गाणं तीनदा म्हणायला लावलं.

परतताना एफो विनफ्रीड भेटले. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणून एफो. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली, पण दर महिन्याला काही ना काही घेऊन येतात. कोकोचा व्यापार, स्वतःची लॉरी, आणि छातीवर गोल्ड कोस्टवाल्यांचा बिल्ला.

"गाणं गोड आहे," म्हणाले. "पण वाट कुठे जाते ते बघ. आपला कोको जातो गोल्ड कोस्टच्या बंदरात, मुलं शिकायला जातात तिकडे. फ्रेंच काय ताटात वाढून देणारेत का तुला पलीकडची माणसं?"

"पोट तिकडे आहे म्हणून रक्तही तिकडचं म्हणायचं का?"

"रक्ताचं नकोच बोलूस," ते म्हणाले. "पोरं ऐकत असतात."

पाठवलेली सुकी मासळी मी परत केली. मासळीचा काही दोष नव्हता. सेन्यो नंतर कितीतरी वेळ माझ्याकडे बघून हसत होता.

९ मे

मत टाकलं. संयुक्त राष्ट्रांचा एक लालबुंद भाजलेला साहेब झाडाखाली बसून सगळं पाहत होता. आब्ला मावशी त्याला म्हणाली, "पोरा, टोपी घाल." त्याला कळलं नाही, त्यानं वाकून नमस्कार केला.

पावसानं कृपा केली, आला नाही. सगळे गाऊन गाऊन बसलेल्या घशांनी घरी गेले. आज मला वाटतं, होईल.

१७ मे

नाही झालं.

आमच्या गावात 'वेगळे'. आमच्या सगळ्या जिल्ह्यात 'वेगळे'. पण उत्तरेकडची माणसं, ज्यांची भाषा मला येत नाही, ज्यांना आमचा ओढा कुठे आहे हे ठाऊक नाही, त्यांनी गोल्ड कोस्ट म्हटलं आणि सगळी बेरीज तिकडे झुकली. मावशी विचारते, "म्हणजे आपण हरलो की जिंकलो?" मी सांगितलं, इथे जिंकलो आणि हरलो. ती म्हणाली, "बघ, पुन्हा तेच."

सेन्यो जेवला नाही. मी समजूत घातली, अजून न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची मोठी सभा बसायची आहे, ते आपलं ऐकतील. तो म्हणाला, "तुला वाटतं ऐकतील?" मी हो म्हटलं. मला तसं वाटत नव्हतं.

८ जुलै

सेन्यो आता शनिवारी सायकल घेऊन जातो तो रविवारी चर्चच्या वेळेला येतो. कुठे होतास विचारलं तर "मित्राकडे". आज त्याच्या सदऱ्याला धुराचा वास होता, आणि तळहातावर फोड. खडू धरून कुणाला फोड येतात?

१९ ऑगस्ट

उलगडा झाला, आणि इतके दिवस डोक्यात कसा आला नाही याचं हसू येतंय. डोंगरापलीकडच्या गावातल्या शिंप्याची मुलगी, देला. मीच खोदून विचारलं: "मुलगी आहे ना?" तो गप्प. "कुणाची?" तेव्हा कुठे नाव निघालं. म्हणजे पोरगा शनिवारी सासऱ्याच्या शेतात राबतो! चांगलंच आहे, आमच्याकडे मुलगी मागणाऱ्यानं घाम गाळून दाखवायचाच असतो. फोडांचंही कोडं सुटलं.

मी म्हटलं, "मला आधी सांगायचंस."

तो म्हणाला, "सांगणार होतो दावी." आणि मान खाली घातली. लाजाळू पहिल्यापासूनच.

७ ऑक्टोबर

सेन्योनं माझ्या नवऱ्याची शिकारीची बंदूक मागितली. माळ्यावर गंजत पडली होती. म्हणाला, खायचे ते मोठे रानउंदीर मारायचे आहेत. त्या घरी मटण घेऊन जाणार असेल. बंदूक पुसून दिली, वर टोपलीभर कसाव्याची भाजलेली गारी, पामतेल आणि मासळी. "इतकी गारी?" म्हटलं. "त्यांच्या घरी माणसं फार," म्हणाला. असू दे. भरल्या घरचा जावई होईल.

बाजारात देला दिसली. मी मुद्दाम जवळ गेले आणि म्हटलं, "शनिवारी आमची आठवण काढता ना?" ती गोंधळून "हो, हो" म्हणाली आणि पळालीच. मोठी गोड मुलगी आहे.

१४ डिसेंबर

न्यूयॉर्कच्या सभेनं गोल्ड कोस्टचा निर्णय मान्य केला. आता मार्चच्या सहा तारखेला आम्ही एका नव्या देशात असू. देशाचं नाव घाना. चांगलं नाव आहे, जुन्या काळच्या राज्याचं आहे म्हणतात. फक्त ते राज्य आमच्यापासून फार लांब होतं.

उत्तरेचा धुळीचा वारा सुटलाय. ओठ फुटतात, पुस्तकांची पानं वळतात. सेन्योला म्हटलं, गाण्याचा सराव बंद करू या आता. तो म्हणाला, "का? आम्ही तर अजून म्हणतो." आम्ही म्हणजे कोण, ते मी विचारायला हवं होतं की काय? वर्गातली मुलं असतील.

२० जानेवारी १९५७

विनफ्रीड आले. चहा घेतला नाही, बसलेही नाहीत.

"सेन्योला माझ्या हवाली कर. टाकोराडीच्या बंदरात माझा माल उतरतो, तिथे हिशेबाला माणूस हवाय. उद्याच निघू दे."

"तो शिक्षक आहे."

"वर्षभर नसू दे शिक्षक."

"तुमचा देश तुम्हाला मिळाला, आता आमचा मुलगाही तुमच्यात हवाय का?"

त्यांनी वाटेतल्या कोंबड्या पायानं बाजूला सारल्या. मग म्हणाले, "एन्योनाम, निदान शनिवारी तरी त्याला घरी बसव. माझ्यासाठी नको. तुझ्यासाठी म्हणतो."

कुणीतरी त्यांना देलाचं सांगितलेलं दिसतं. शिंप्याची मुलगी आमच्या घराण्याला शोभत नाही असं वाटत असेल. पैसा आला की माणसाचं नाक वर जातं. मी म्हटलं, आमच्या मुलाचं आम्ही बघू. माझ्या हातात काठी नव्हती, पण बोलणं काठीसारखंच होतं. ते गेल्यावर वाईट वाटलं, लगेच राग आला की वाईट का वाटलं.

२३ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून टाकते.

आज आम्ही देलाच्या घरी 'दार ठोठावायला', म्हणजे रीतीनं मागणी घालायला गेलो. सेन्योला सांगितलं नाही, त्याला आनंदाचा धक्का द्यायचा होता. आब्ला मावशी, मी, दारूच्या दोन बाटल्या, मी स्वतः निवडलेलं कापड. शिंप्यानं पाणी दिलं, येण्याचं कारण विचारलं. मावशीनं रीतीप्रमाणे सुरू केलं, "तुमच्या बागेत एक फूल पाहिलं..."

"कुणाला हवंय फूल?"

"आमच्या सेन्योला. दर शनिवारी तुमच्या शेतात राबतो तो."

शिंप्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं देलाकडे. देला म्हणाली, "ते मास्तर? मी त्यांना चर्चमध्ये गाताना ऐकलंय. बोललो नाही कधी."

मावशीनं बाटल्या टोपलीत परत ठेवल्या. कुणी हसलं नाही, ते बरं की वाईट, ठाऊक नाही. शिंपी आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला आला आणि हळूच म्हणाला, "बाई, शनिवारी पोरं डोंगरावर जातात. जुन्या कोकोच्या मळ्यात. कवायत करतात म्हणे. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं होतं. गाणं तर तुमचंच म्हणतात."

वाटभर मी गारीचा विचार करत होते. किती टोपल्या गारी मी दिली.

२४ फेब्रुवारी

सेन्यो चर्चला आला नाही.

२७ फेब्रुवारी

आज शाळेच्या मागच्या वाटेनं आला. दाढी वाढलेली. मी गालात मारली. जन्मात पहिल्यांदा.

"बंदूक कुठे आहे?"

"वर आहे."

"शंभर वर्षांची बंदूक आणि कोयते, यावर तुम्ही देश थांबवणार?"

"थांबवणार नाही. दाखवणार, की इथल्या माणसांना हे नको होतं. सहा तारखेला त्यांचा झेंडा इथे चढू द्यायचा नाही. तूच म्हणाली होतीस दावी, भर सभेत म्हणाली होतीस, न विचारता कुणी आपल्याला नेऊ शकत नाही."

"ते सभेतलं बोलणं होतं."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परक्या भाषेत बोलले. मग नेहमीसारखा हसला. मी मक्याच्या पिठाचं अक्प्ले आणि भेंडीचं कालवण वाढलं. भरपूर जेवला. "तुला उरलंय ना?" विचारलं. मी दाराला कुलूप घातलं, उशाशी किल्ली घेऊन बसले, आणि मला डोळा लागला. सकाळी खिडकी उघडी होती.

३ मार्च

लॉरी भरभरून सैनिक आले. शाळा त्यांनी घेतली आहे. पहिलीच्या वर्गातली छोटी बाकं बाहेर काढून चूल पेटवली. त्यातल्या एकानं मला आमच्याच भाषेत विचारलं, "बाई, मीठ आहे का?" केटाचा निघाला, समुद्राकाठचा, पण आमच्यासारखाच एवे. मी मीठ दिलं. कुठल्यातरी आईचं पोरच ना तेही.

५ मार्च

सकाळी डोंगराकडून आवाज आले. पोरांच्या बंदुकांचे आधी, फुसके. मग दुसरे.

याओला खाली आणलं. याओ, सेन्योबरोबर खर्जात गाणारा, मावशीचा नातू. आणि पलीकडच्या गावचा एक मुलगा, त्याचं नाव मला माहीत नाही. सेन्यो त्यांच्यात नव्हता. पकडलेल्यांतही नव्हता. प्रत्येक चेहरा मी पाहिला.

मावशी याओजवळ बसली होती. मला पाहून म्हणाली, "ये." एवढंच. मी पुढे जाऊ शकले नाही.

६ मार्च

झेंडा चढला. लाल, पिवळा, हिरवा, मध्ये काळा तारा. सुंदर आहे. मुलांना मिठाई वाटली. पहिलीतली एक मुलगी विचारत होती, सेन्यो मास्तर कधी येणार.

१० मार्च

विनफ्रीड आले होते. लॉरी चिखलानं माखलेली, कपाळावर खोक. मी दारातच उभी राहिले.

"तुम्हाला जानेवारीतच ठाऊक होतं. तुम्हीच सांगितलंत सैनिकांना. किती मिळाले?"

ते काही बोलणार होते. तेवढ्यात समोरच्या घरापुढे बसलेला सैनिक उठून आमच्याकडे बघू लागला. विनफ्रीड मोठ्यानं म्हणाले, "बरं, बकरी विकायची असेल तर सांग," आणि गेले. मला बकरी नाहीच. इतका निर्लज्ज माणूस मी पाहिला नाही. दीर म्हणून त्यांचं नाव पुन्हा घेणार नाही.

२२ एप्रिल

सेन्यो जिवंत आहे.

बाबांच्या शेतात होता. पलीकडून मासळी विकायला येणाऱ्या बाईनं निरोप दिला. मी टोपली डोक्यावर घेऊन शेतावर निघालेल्या बायकांत मिसळले आणि ओढा उतरून गेले. कोकोच्या झाडाखाली बसला होता, एक पाय लांब करून. गुडघ्याखाली गोळी लागली होती. जखम भरली आहे, पाय वाकत नाही.

मी त्याला आधी भरवलं, मग रडले. तो रडला नाही.

"तुला इथे कुणी आणलं?"

"एफो विनफ्रीडनी. कोकोच्या पोत्यांखाली घालून. वाटेत सैनिकांनी अडवलं, तर त्यांनी स्वातंत्र्याच्या नावानं सगळ्यांना बिअर पाजली, त्यांच्याबरोबर नाचले. माझ्या तोंडात पोत्याचा तुकडा कोंबला होता, ओरडू नये म्हणून. तुला सांगितलं नाही त्यांनी?"

मला माझंच बोलणं ऐकू येत होतं: किती मिळाले.

मग तो म्हणाला, "दावी, एक विचारू? खरं सांग. ती शेवटची ओळ लिहिलीस, तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. मेच्या निकालानंतर बोलले होतेच. पण त्याचा पाय समोर होता.

"मी आधी 'हात धरून' लिहिलं होतं रे. म्हणताना फिकं वाटलं. म्हणून 'प्राण' घातलं. गाणंच होतं ते, सेन्यो. गाण्यात तसं म्हणतात."

"फिकं वाटलं," तो म्हणाला.

वाऱ्यानं कोकोची पानं वाजत होती. मग बोलला, अगदी हळू, रागावूनसुद्धा नाही. "याओ तेच म्हणत पुढे गेला, दावी. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की आधी हात होता."

मी त्याचा हात धरायला गेले. त्यानं धरू दिला, पण तो हात नुसता माझ्या हातात होता.

निघताना म्हणाला, "आता येऊ नकोस. तुझ्यावर नजर असेल. तुला कुणी धरलं तर मला परत यावं लागेल, आणि आलो तर मला सोडणार नाहीत. माझ्यावर आरोप ठेवलाय. मी लोमेला जातो, फ्रेंचांच्याच हद्दीत. तिथे काम मिळेल." मी विचारलं, पत्र टाकशील? तो म्हणाला, "बघू." लहानपणी मी त्याला काही द्यायचं नसलं की असंच म्हणायची, बघू.

२३ एप्रिल

विनफ्रीडकडे गेले. ते अंगणात लॉरीचं चाक बदलत होते. मी म्हटलं, "एफो, मी तुम्हाला..."

"तो पाना दे इकडे," म्हणाले. मी पाना दिला. चाक बसेपर्यंत पाना, नट देत राहिले. मग त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "पाय वाकतो का?" मी मान हलवली. ते आत गेले, बराच वेळ बाहेर आले नाहीत. स्वतःच्या मुलासारखा जीव होता त्यांचा त्याच्यावर, हे मला कधी दिसलंच नाही. आमच्या घरावर इतका जीव का, हे मात्र अजूनही कळत नाही.

१२ मे

आब्ला मावशीकडे रोज पाणी भरते. ती घेते. बोलते मात्र घड्याशी.

९ नोव्हेंबर १९५८

दीड वर्षानं वही उघडली. एकच लिहायचं आहे. आता खटल्याशिवायही माणसाला पाच वर्षं तुरुंगात ठेवता येईल असा कायदा झालाय. होहोएचे आमच्या चळवळीतले दोघं आत गेले. विनफ्रीडनी छातीवरचा बिल्ला काढला. का, विचारलं तर म्हणाले, "सदऱ्याला भोक पडत होतं."

सेन्योचं पत्र नाही. लोमेहून येणारे सांगतात, एका सुताराकडे कामाला आहे, फ्रेंच बोलतो, लंगडतो. मी कशी आहे विचारतो का? विचारल्यावर सांगणारे जरा थांबून म्हणतात, हो, विचारतो ना.

७ फेब्रुवारी १९६०

आब्ला मावशी गेली. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "तू पाठवलेली गारी माझा याओपण खात होता ना गं?" मी हो म्हटलं. "बरं झालं. उपाशी नव्हता." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो तसाच राहायला हवा होता, पण तिच्यात ताकद नव्हती.

१३ मार्च

विनफ्रीड जेवायला होते. हल्ली रविवारी येतात. येत्या महिन्यात फ्रेंच पलीकडून जाणार, तेही स्वतंत्र होणार. आणि इकडचे मोठे लोक जाहीर सभांत सांगताहेत, पलीकडच्यांनी आमच्यात यावं, एक देश व्हावा, हद्द पुसून टाकू, एवे माणसं पुन्हा एक होतील.

"काल सरकारच्या पक्षाच्या बायका आल्या होत्या," मी म्हटलं. "मला सभेला पुढे बसवायचं म्हणतात. 'तुमचंच स्वप्न बाई,' म्हणाल्या."

"तू काय म्हणालीस?"

"ताप आहे म्हटलं."

विनफ्रीड कालवणात बोट बुडवून बसले. "हद्द गेली तर लोमेला आपलेच पोलीस असतील," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"त्याची फाईल अजून मिटलेली नाही. मी विचारून आलो."

एकानं जन्मभर इकडच्यांशी एक व्हा म्हणून सांगितलं, दुसरीनं तिकडच्यांशी. शेवटी तेच म्हणाले, "राहू दे ती हद्द. आपण मेल्यावर पुसू दे कुणाला पुसायची तर." आणि ताट पुढे केलं. मी आणखी वाढलं. माझ्याकडे पाहून त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मग मिठाचं काहीतरी बोलले.

२७ एप्रिल

पलीकडे स्वातंत्र्य. ओढ्याच्या त्या काठावर ढोल वाजत होते. इकडून कुणालाही जाऊ दिलं नाही. मी शेवटच्या घरापर्यंत गेले. त्या गर्दीत एक लंगडणारा माणूस दिसला, पण तो कुणी म्हातारा होता.

मी ओढ्याच्या अलीकडे उभी होते. पोरं गात होती. त्यांचं गाणं वेगळं होतं, नवीन, मला माहीत नसलेलं. देवाचे आभार.

३० मे

दोन्ही सरकारांचं बिनसलंय. पलीकडच्यांनी साफ नाही म्हटलं आहे. आज चौथीच्या वर्गात मुली धावत आल्या. चौकीवर नवा अडसर बसवला, म्हणाल्या, लोखंडी, दोन माणसांना उचलत नाही. आता मामाच्या शेतावर कसं जायचं, म्हणून एक रडायला लागली.

मी विचारलं, "पक्का आहे का?"

"हो बाई. हलवून पाहिला आम्ही."

"बरं झालं," मी म्हटलं. रडणारी मुलगी रडायची थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी फळ्याकडे वळले, खडू घेतला, आणि काय लिहायचं होतं ते मला आठवेना.